एका जिवाचे दोन देह

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भंडारा जिल्ह्याची ओळख करून देताना तलावांचा जिल्हा, धानाचा जिल्हा, पितळी भांड्यांचा जिल्हा असे म्हटले जाते. कोशाचे नाव या यादीत शेवटी येते, कधी येतही नाही. पण मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या मागांवर विणलेले कोशाचे कापड आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली करवतकाठी साडी आपल्या भागाबाहेर दूरदूर गेली आहे. या साडीचा रेशमी धागा तुतीच्या मळ्यातून येत नाही, तो जंगलातून येतो. ऐन, ज्याला आपल्याकडे येन म्हणतात, आणि अर्जुन या झाडांवर टसरची अळी वाढते. एरवी तलावात जाळे टाकणारी ढिवर समाजातील कुटुंबे पावसाळा लागला की जंगलात मुक्काम करतात आणि या अळ्यांची राखण करतात. पाखरे, मुंग्या, सरडे, सगळ्यांचाच तिच्यावर डोळा असतो. या अळीचे शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. प्रदेशागणिक तिचे निरनिराळे वाण आहेत, आणि त्यांपैकी एका वाणाला रेशीमशास्त्राच्या पुस्तकांत 'भंडारा' हेच नाव आहे.

आज मला कापडाविषयी बोलायचे नाही. ते कापड ज्या जिवाच्या अंगातून निघते त्याच्या देहाविषयी बोलायचे आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण हा विषय असा आहे की, कवीने त्याच्याकडे पाठ फिरवली तर नुकसान कवीचेच.

टसरचा जीवनक्रम पाहा. अंड्यातून आठ-दहा दिवसांत सुतासारखी बारीक अळी बाहेर येते. महिनाभर, थंडीत त्याहून जास्त दिवस, ती पाने खाते, चार वेळा कात टाकते आणि वजनाने काही हजार पटींनी वाढून माणसाच्या बोटाहून जाड, हिरवीगार होते. मग ती फांदीला एक देठ बांधते, त्या देठाला टांगलेला टणक कोष आपल्याभोवती विणते आणि आत गप्प होते. या कोषातून पुढे जो पतंग बाहेर पडतो त्याचे अळीशी काडीचेही साम्य नसते. अळीला पाने कुरतडणारे जबडे, पतंगाला खाण्याचे तोंडच नाही. अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय आणि मागे पोटाखाली पाच जोड्या मांसल पाय, पतंगाला मोजून सहा पाय. अळी सरपटते. पतंगाला चार मोठे पंख, प्रत्येक पंखावर काचेच्या खिडकीसारखा पारदर्शक डोळा, डोक्यावर पिसासारख्या मिशा. तो जेमतेम आठवडाभर जगतो, काही खात नाही, पीत नाही, अंडी घालणे एवढेच त्याच्यापुढे काम असते.

आता यातली खरी नवलाची गोष्ट ही की, कोषात शिरणाऱ्या अळीच्या पेशींमध्ये जी जनुके होती तीच जनुके बाहेर येणाऱ्या पतंगाच्या पेशींमध्ये असतात. एकही वाढत नाही, एकही बदलत नाही. मग हा दुसरा देह आला कुठून?

जुन्या काळी पुष्कळ लोकांची समजूत होती की, अळी मरते आणि तिच्या मृतदेहातून वेगळाच जीव जन्माला येतो. सतराव्या शतकात हॉलंडच्या यान स्वामरडाम यांनी अळीची कातडी अतिशय नाजूक हाताने सोलून दाखवली आणि तिच्याखाली पंखांच्या घड्या आहेत हे लोकांना प्रत्यक्ष दाखवले. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्रे सुधारली, तसे चित्र स्पष्ट झाले. अळीच्या छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वलयात, कातडीच्या आत, पेशींच्या चार चपट्या कळ्या असतात. अळी पाने खात असते तेव्हा या कळ्या हळूहळू वाढत असतात. त्यांचेच पंख होतात. छातीचे तीन जोड्या पाय नव्याने घडवले जाऊन पतंगाचे पाय होतात. पोटाखालचे मांसल पाय नाहीसे होतात. अळीचे बरेचसे स्नायू विरघळतात आणि त्यांच्या मालमसाल्यातून नवे अवयव उभे राहतात. ज्या लांबलचक ग्रंथींतून रेशीम निघाले, त्या ग्रंथीही काम संपल्यावर कोषाच्या आतच विरून जातात. म्हणजे कोष हे थडगे नाही आणि नुसते झोपायचे घरही नाही. तिथे जुने घर पाडून त्याच विटांनी नवे बांधणे चाललेले असते, आणि तेही घरातला माणूस आत असताना.

हे बांधकाम कोणाच्या सांगण्यावरून चालते? इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. पहिली, कोणता अवयव कुठे यायचा. दुसरी, तो कधी यायचा.

आधी 'कुठे' पाहू. देहातल्या प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो, पण प्रत्येक पेशी तो सगळा वापरत नाही. पेटीवर सगळ्या पट्ट्या असतात, दाबतो आपण मोजक्याच, आणि त्यावरून राग ठरतो. तसेच हे. आता अळीच्या देहाची वलये एकामागे एक असतात. आपण छातीचे वलय आहोत की पोटाचे, हे त्या त्या ठिकाणच्या पेशींना कळायला हवे. ते सांगणारी काही थोडी जनुके आहेत. शास्त्रज्ञ त्यांना हॉक्स जनुके म्हणतात, मी त्यांना पत्त्याची जनुके म्हणेन. ती स्वतः पाय किंवा पंख बनवत नाहीत. 'तू छातीचे दुसरे वलय आहेस', 'तू पोटाचे चौथे' एवढेच ती सांगतात, आणि पुढचे काम दुसरी शेकडो जनुके करतात. गंमत अशी की, गुणसूत्रावर ही जनुके ज्या क्रमाने बसलेली असतात, साधारण त्याच क्रमाने देहावर डोक्यापासून शेपटीपर्यंत त्यांची हुकमत चालते.

पत्ता चुकला तर काय होते, हे अमेरिकेत फळमाशीवर आणि जपानमध्ये रेशीमकिड्यावर दिसले. १९१५ मध्ये कॅल्व्हिन ब्रिजेस यांना एक वेगळीच माशी सापडली. माशीला दोनच पंख असतात, त्यांच्या मागे पंखांच्या जागी गदेसारखे दोन बारीक अवयव असतात आणि उडताना तोल सावरायला ते उपयोगी पडतात. या माशीत ते गदेसारखे अवयव पंखांकडे झुकले होते. एडवर्ड लुईस यांनी पुढे अनेक वर्षे हाच धागा धरून पूर्ण चार पंखांची माशी घडवून दाखवली. १९९५ चे नोबेल पारितोषिक त्यांना, क्रिस्तियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्यासह मिळाले. इकडे जपानमध्ये तुतीच्या रेशीमकिड्यांचे विकृत वाण संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. त्यांतल्या एका वाणात अंड्यातच मरणाऱ्या अळ्यांच्या पोटाच्या वलयांवर छातीच्या वळणाचे पाय उगवलेले दिसत. १९९२ मध्ये त्याचे कारण कळले. पोटाचा पत्ता सांगणारी दोन जनुके त्या अळ्यांत गहाळ होती. पत्ता सांगणारे कोणी नाही म्हटल्यावर पोटाची वलये स्वतःला छातीच समजत होती.

या कथेचा एक धागा पुण्यातही आहे. माशीच्या त्या गदेसारख्या अवयवाचा पत्ता ज्या जनुकामुळे ठरतो त्याचे नाव अल्ट्राबायथोरॅक्स. माशीत हे जनुक मागच्या पंखांना पंख होऊ देत नाही. पण हेच जनुक रेशमाच्या पतंगातही आहे, मधमाशीतही आहे, आणि त्यांचे मागचे पंख तर छान मोठे असतात. मग जनुक तेच असून परिणाम वेगळा का? पुण्याच्या आयसर या संस्थेत एल. एस. शशिधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशी, मधमाशी आणि रेशीमकिडा यांची या अंगाने तुलना केली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा अभ्यासांतून दिसते ते असे की, फरक हुकूम देणाऱ्यात फारसा नाही, हुकूम झेलणाऱ्यांत आहे. त्या जनुकाचा हुकूम कोणकोणत्या जनुकांनी मानायचा, ही यादी प्रत्येक जातीत वेगळी झाली आहे.

माणूस यातून सुटलेला नाही. आपल्यातही हीच पत्त्याची जनुके आहेत, फक्त त्यांचे चार संच झाले आहेत. काही घराण्यांत हातापायाला जास्तीचे बोट असते आणि बोटे एकमेकांना जुळलेली असतात. त्याच्या एका प्रकाराचे मूळ अशाच एका जनुकाच्या बिघाडात आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. सहावे बोट म्हटले की सगळीकडे शुभ-अशुभाची चर्चा होते. या जनुकाला त्यातले काही ठाऊक नसते.

आता 'कधी'. मला या सगळ्यात जास्त ओढ वाटते ती या भागाची, म्हणून इथे जरा सावकाश जातो.

स्टेफान कोपेच हे पोलंडचे संशोधक. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी एक साधा प्रयोग केला. अळीच्या मध्यावर दोरा घट्ट बांधला, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागातले रक्त मागच्या भागात जाणार नाही. दोरा योग्य वेळी बांधला तर पुढचा अर्धा भाग कोषावस्थेत गेला, मागचा अर्धा अळीच राहिला. ठरावीक दिवसांच्या आत अळीचा मेंदू काढला तर ती कोषावस्थेत जाईचना, त्यानंतर काढला तर खुशाल गेली. यावरून त्यांनी सांगितले की, मेंदूतून काही तरी द्रव्य रक्तात उतरते आणि तोच रूपांतराचा निरोप असतो. मेंदू विचार करतो हे सगळ्यांना मान्य होते. मेंदू रस पाझरतो हे ऐकायला त्या वेळी फार थोडे लोक तयार होते.

१९३८ मध्ये फ्रान्सच्या बूनिओल यांनी रेशमाच्या लहान अळीच्या मेंदूमागच्या दोन इवल्याशा ग्रंथी काढून टाकल्या. ती अळी वाढायची थांबली आणि वेळेआधीच कोष विणून बसली. बोरासारखा कोष आणि त्यातून निघालेला पतंगही खेळण्यातल्यासारखा. म्हणजे त्या ग्रंथींतून येणारे द्रव्य अळीला अळी ठेवत होते. त्याला ज्युव्हेनाइल हॉर्मोन म्हणतात, आपण बाल-संप्रेरक म्हणू. १९४० मध्ये जपानच्या फुकुदा यांनी छातीतली दुसरी ग्रंथी दाखवली. तिच्यातून जे द्रव्य निघते ते कात टाकण्याचा हुकूम देते. हे द्रव्य शुद्ध रूपात मिळवायला जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्याचे ५०० किलो कोषस्थ जीव वापरले, आणि हाती लागले २५ मिलिग्रॅम स्फटिक. पाव टनाच्या दुप्पट मालातून चिमूटभरही नाही. त्याचे नाव एक्डायसोन.

आता या दोन द्रव्यांचा हिशेब फार सोपा आहे. एक्डायसोन आले की कात टाकायची. पण कात टाकून व्हायचे काय, हे बाल-संप्रेरकावर अवलंबून. ते रक्तात भरपूर असेल तर कातीखालून पुन्हा अळीच निघते, थोडी मोठी. पाचव्या अवस्थेत अळी पुरेशी भरली की त्या ग्रंथी बाल-संप्रेरक देणे बंद करतात. नंतर एक्डायसोन येते तेव्हा अळी विणू लागते आणि कोषावस्थेत जाते. पुढे एक्डायसोनची आणखी एक लाट आली की पतंग. निरोप तोच असतो. सोबत दुसरा निरोप आहे की नाही, यावर अर्थ बदलतो.

हे द्रव्य जनुकांपर्यंत पोचते हे कळले १९६० मध्ये. एका छोट्या माशीच्या अळीला एक्डायसोन टोचल्यावर तिच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले, तेही तासाच्या आत. फुगवटा म्हणजे त्या जागची जनुके कामाला लागल्याची खूण. त्यानंतरच्या साठ वर्षांत नकाशा बराच भरला. फळमाशीत तीन जनुके मुख्य दिसतात. एक अळीपण टिकवते, दुसरे कोषावस्था आणते, तिसरे प्रौढपण. पहिल्याचे नाव चिन्मो, आणि त्या नावाचा मूळ इंग्रजी विस्तार 'अवेळी रूप घेणे' अशा अर्थाचा आहे. कारण हे जनुक काढून टाकले की कोवळी अळी अवेळी पुढच्या रूपाकडे धावू लागते. संशोधक मंडळी नावे ठेवण्यात कधीकधी आम्हा कवींच्या पुढे जातात.

टसरच्या बाबतीत या 'कधी'ला पोटापाण्याचा अर्थ आहे. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत दोन-तीन पिके निघतात. शेवटच्या पिकातले बरेच कोष विकले जातात, आतल्या जिवासकट उकळले जातात. पण पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी काही कोष जिवंत ठेवावे लागतात. त्यांना बीजकोष म्हणतात. त्यांतला जीव हिवाळ्याची अखेर आणि सगळा उन्हाळा निपचित पडून राहतो, आणि पावसाच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडतो. मग जोड्या जमतात, अंडीपुंज तयार होतात, तोवर येनाला कोवळी पालवी असते. पण काही कोष मार्च-एप्रिलमध्येच फुटतात. बाहेर रखरखीत ऊन, नर आज निघाला तर मादी पंधरा दिवसांनी, आणि आठवड्याभरात पतंग संपलेला. बियाणे वाया गेले की पुढच्या हंगामाची अंडी कमी पडतात.

या निपचित पडण्याचे कोडे टसरच्याच कुळातल्या एका अमेरिकन पतंगावर सुटले. हार्वर्ड विद्यापीठातले कॅरोल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात सेक्रोपिया जातीचे कोषस्थ जीव घेऊन दाखवले की, झोपलेला असतो तो मेंदू. मेंदूला काही आठवडे थंडी मिळाली की तो जागा होतो आणि छातीच्या ग्रंथीला निरोप धाडतो. थंडीत ठेवलेला मेंदू न थंडावलेल्या जिवात बसवला, तर तो जीवही पतंग होऊ लागतो. पुढे १९६४ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅडकिसन यांनी चीनच्या ओक-टसरवर काम केले. हा आपल्या टसरचा अगदी जवळचा भाऊ, अँथेरियाच. त्याला जागे करते ते दिवसाची लांबी. कोषस्थ जिवाच्या डोक्यावर, नेमकी मेंदूच्या वर, कातडीची एक पारदर्शक खिडकी असते. कोषातून झिरपलेला उजेड त्या खिडकीतून थेट मेंदूवर पडतो. संशोधकांनी मेंदू काढून शेपटीकडे बसवला आणि तिथे खिडकी केली, तर तो जीव शेपटीच्या बाजूने दिवस मोजू लागला! आपल्या टसरच्या बीजकोषांना उष्णता, दमटपणा, उजेड यांत जपावे लागते ते यामुळेच. त्यांच्या खोलीतले हवामान हेच त्यांचे पंचांग असते.

संप्रेरक रक्तातून सगळ्या देहभर फिरते. मग पंखावर डोळा नेमका एकाच ठिकाणी का उमटतो? इथे जवळच्या जवळ चालणारे निरोप कामी येतात. फ्रेड निहाउट यांनी १९८० मध्ये एका अमेरिकन फुलपाखराच्या कोषावस्थेत, पंखावर डोळा जिथे यायचा त्या ठिपक्याच्या पेशी सुईने जाळल्या. डोळा आलाच नाही. त्याच पेशी उचलून पंखावर दुसरीकडे लावल्या, तर डोळा तिथे आला. मधल्या पेशी एक द्रव्य सोडतात, ते भोवती पसरते. जवळच्या पेशींना ते जास्त मिळते, लांबच्यांना कमी. ज्याला जितके मिळाले त्याप्रमाणे तो रंग घेतो, म्हणून एकात एक वर्तुळे उमटतात. तलावात खडा टाकल्यासारखे. १९९४ मध्ये कळले की, त्या मधल्या पेशींत डिस्टल-लेस नावाचे जे जनुक जागे असते ते मुळात पाय घडवण्याच्या कामाचे. निसर्गाने जुने अवजार नव्या कामाला लावले. मात्र टसरच्या पंखावरचा डोळा अगदी याच वाटेने आला असे समजू नये. पतंगांच्या या कुळात डोळा वेगळ्या रीतीने निर्माण झाला असावा, असे त्यांच्या पंखांतली जनुके तपासणाऱ्यांचे म्हणणे आहे.

पंखावरच्या डोळ्याच्या आकारातही संप्रेरकाचा हात असतो. संध्याकाळी दिव्याला घरात शिरणारे तपकिरी फुलपाखरू आपण पाहतो. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली ठळक डोळे असतात, उन्हाळी पिढीत ते पुसट होऊन पंख वाळल्या पानासारखा दिसतो. आफ्रिकेतल्या त्याच्या एका नातलगावर प्रयोग झाले आहेत. तिथे ऋतूची ऊब एक्डायसोनच्या प्रमाणात उतरते आणि डोळा मोठा की लहान ते ठरते.

दिव्यावरच्या पतंगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. उर्दू शायरीत शमा आणि परवाना यांनी आम्हाला किती तरी ओळी दिल्या. त्या परवान्याला भूकही नसते आणि तोंडही नसते, हे मात्र शायरांनी कधी लक्षात घेतले नाही. खरे तर टसरच्या पतंगाच्या कुळात तोंडाच्या जागी जे अवयव उरतात, त्यांतून एक पाचक द्रव्य पाझरते. त्याने कोषाचा टणक पदर मऊ होतो आणि पतंग वाट काढतो. जेवायला काहीच नसलेल्या तोंडाचे एवढे एकच काम.

आता एका काळजीच्या गोष्टीकडे येतो. जो निरोप इतका साधा आहे, तो बनावटही असू शकतो.

१९६० च्या दशकात प्राग शहरातून कारेल स्लामा हे संशोधक आपले ढेकणांच्या जातीचे लाल किडे घेऊन हार्वर्डला विल्यम्स यांच्याकडे आले. तिथे हे किडे प्रौढ होईनात. मोठे होत, पुन्हा कात टाकत, पण बालरूपातच राहत आणि मरत. पुष्कळ शोधाशोध झाली, शेवटी कारण सापडले ते पिंजऱ्यात अंथरलेल्या कागदात. अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडापासून बनतो, त्यात बाल-संप्रेरकासारखे द्रव्य होते. अमेरिकेतली वर्तमानपत्रे अंथरली तरी तेच झाले, लंडनची अंथरली तर किडे नीट वाढले. झाडाने किड्यांपासून बचाव म्हणून खोटा निरोप तयार केला होता.

विल्यम्स यांनी १९६७ मध्ये लिहिले की, कीटकनाशकांची पुढची पिढी अशी असेल. ती खरेच आली. बाल-संप्रेरकाची नक्कल करणारी औषधे बाजारात आहेत. माणसाला आणि गुराढोरांना त्यांचा धोका जुन्या विषांपेक्षा पुष्कळ कमी, हे त्यांचे मोठेच पुण्य. रेशीम उद्योगानेही त्यांचा उपयोग करून घेतला. मेथोप्रीन नावाचे असे द्रव्य पाचव्या अवस्थेच्या अळीला अगदी थोडे दिले तर ती दोन दिवस जास्त खाते आणि कोष वजनदार होतो, हे जपानमध्ये आजमावले गेले. उलट बाजूने, म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने तुतीच्या अळ्यांसाठी वनस्पतीतल्या एक्डायसोनसारख्या द्रव्याचा 'संपूर्ण' नावाचा पदार्थ आणला, म्हणजे सगळ्या अळ्या एकाच वेळी विणायला बसाव्यात.

पण मात्रा आणि वेळ आपल्या हातात नसली तर? इटलीच्या उत्तर भागात १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेशीमकिडे पाळणाऱ्यांवर विचित्र प्रसंग आला. अळ्या धडधाकट दिसत, पाने खात, पण विणायला बसत नसत. खात खात शेवटी मरून जात. शोध घेतल्यावर बोट गेले ते फळबागांवर मारल्या जाणाऱ्या फेनॉक्सीकार्ब या औषधाकडे. ते बाल-संप्रेरकाची नक्कल करते. वाऱ्याबरोबर त्याचा अंश तुतीच्या पानांवर बसत होता आणि अळीला सांगत होता, तू अजून लहान आहेस. त्या भागातल्या आधीच खंगत चाललेल्या रेशीम धंद्याला त्याने मोठा तडाखा दिला.

आपल्या देशात कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सीफेन वापरतात, ते याच जातीचे औषध. भंडाऱ्यात कपाशी नाही, धान आहे. पण टसरची झाडे बऱ्याच ठिकाणी बांध्यांना लागूनच असतात, आणि वाऱ्याला शेताची हद्द कळत नाही. नेहमीचे विष पडले तर अळ्या तडफडून झाडाखाली गळतात, राखणदाराला त्याच दिवशी कळते. खोटा निरोप पोचला तर तसे काहीच होत नाही. अळी जिवंत असते, हिरवी असते, रोजच्यापेक्षा जास्तच पाला खाते. पीक चांगले आहे असे वाटत राहते. आठ दिवस, दहा दिवस जातात आणि फांदीला देठ बांधलेला दिसत नाही, तेव्हा शंका येते. तोवर औषधाचा वास उडून गेलेला असतो. म्हणून आपल्या झाडांशेजारच्या शेतात कोणते औषध पडले, कोणत्या तारखेला पडले आणि त्या दिवशी वारा कोणीकडचा होता, एवढे राखण करणाऱ्याने डब्याच्या झाकणावर का होईना, पण लिहून ठेवावे. रेशीम खात्याच्या माणसाला पुढे काही शोधायचे झाले, तर त्याला सुरुवात तिथूनच करावी लागेल.